बोरखेड्याची साखळी

बोरखेड्यात हुतुतूचं वेड किती होतं म्हणाल, तर पेरणी चार दिवस मागे पडली तरी चालेल, पण दिवस कलला की ओढ्याकाठच्या मैदानावर पाणी शिंपडलं गेलंच पाहिजे. घरात एक घागर आणून टाका म्हटलं की या बाप्यांची कंबर धरायची, आणि तिकडे मैदानाची धूळ बसावी म्हणून हेच बाप्ये खांदे मोडेपर्यंत पाणी वाहायचे. बायकांनी बोलून बोलून तोंड दुखवून घेतलं. शेवटी त्यांनीही नाद सोडला.

सुंदरबाईने मात्र कधी बोलायला सुरुवातच केली नव्हती. तिचा नवरा हिलाल हा बोरखेड्याच्या फळीचा म्होरक्या. उंचीने बेताचा, अंगाने आडवा, आणि त्याची ख्याती एकाच गोष्टीची. समोरच्या फळीचा गडी 'हुतुतू हुतुतू' करत आत शिरला, की हा कोपऱ्यात असा उभा राहायचा जणू याचं लक्षच नाही. आणि मग असा खाली जायचा की गड्याचा घोटा याच्या दोन्ही हातांत. बाकीचे सगळे वरून पडायचे, आणि त्या बिचाऱ्याचा दम तिथेच सुटायचा.

जेवताना तो सुंदरबाईला अख्खा डाव पुन्हा सांगायचा. बायका मैदानावर जात नसत, पण चुलीपुढे बसून ऐकून ऐकून तिला डावातलं सगळं कळायला लागलं होतं.

"एकटा कोनीच कोनाले धरी शकत नही," हिलाल म्हणायचा. "मी पाय धरस, पन भरवसा मांगलासवर ऱ्हास. त्या वरथून पडनात नही, तं मना हात निखळी जाई."

आणखी एक नियम तिला भारी आवडायचा. बाद झालेला गडी रेघेबाहेर जाऊन बसतो. त्याला 'मेला' म्हणायचे. पण त्याच्या फळीने समोरचा एक गडी मारला, की बसलेला उठून पुन्हा आत येतो. तो 'जित्ता' झाला. मेलेला माणूस आपल्या माणसांच्या जोरावर उठतो! असा खेळ ज्याने काढला त्याच्या घरचं कुणीतरी गेलेलं असणार, असं सुंदरबाईला वाटायचं.

मग मानमोडीचा ताप आला. त्या वर्षी तिरड्या बांधायला माणसं मिळेनात. फळीतला सगळ्यात चपळ गडी उखर्डू, हिलालचा जिवाभावाचा भिडू, तापाने फणफणला आणि गेला. आठवड्याच्या आत त्याची बायकोही गेली. मागे राहिली अंगावर पिणारी पोर. आधीची दोन लेकरं जगली नव्हती म्हणून हिचं नाव भिकू ठेवलं होतं, देवाकडून भीक मागून आणलेली. देवाने भीक घातली आणि घालणारा हात लगेच आवरता घेतला, झालं.

उखर्डूला एक धाकटा भाऊ होता, जीवराम. तो पिंपळनेरकडे सासऱ्याच्या घरी राहायचा. त्याला निरोप गेला. तो आला, तेराव्याचं जेवला, हात धुतले आणि म्हणाला, "मना घर आधीच खानारा गैरा शेतस." आणखी एक खाणारं तोंड नको म्हणून पोरीकडे ढुंकूनही न बघता गाडीत बसून चालता झाला.

त्या संध्याकाळी हिलालने पोरीला फडक्यात गुंडाळून मैदानावर नेलं. निंबा, झुलाल, सुपडू सुतार, हबीब पिंजारी, सगळी फळी मधल्या रेघेवर उभी राहिली. एकाच्या हातावर दुसऱ्याने हात ठेवला.

"उखर्डू बाद झाया," हिलाल म्हणाला, "पन त्यानी पोर आपला गडी शे. आपन बठ्ठा तिले धरी ठेवसूत. कोनी हात सोडाना नही."

खळ्याच्या भिंतीआड उभ्या असलेल्या सुंदरबाईने ते ऐकलं आणि पदराचा बोळा तोंडात धरून ती रडली. तिची कूस उजवली नव्हती. गावाने ते तिला विसरू दिलं नव्हतं. ती शपथ घेणारे हात सगळे बाप्यांचे होते, पण मनात तिने स्वतःचाही हात त्या हातांवर ठेवला.

आता खरं सांगायचं तर हात बाप्यांनी ठेवले आणि पोर आली सुंदरबाईच्या मांडीवर. पण उगाच कुणाला नावं ठेवू नयेत. पहिली काही वर्षं साखळी खरंच होती. हबीबच्या बायकोने, हमीदाने, स्वतःच्या लेकीबरोबर, साबेराबरोबर, भिकूला अंगावर पाजलं. सुपडूने पाळणा करून दिला. निंबाची शेळी तर जणू भिकूसाठीच दुभती होती. सुंदरबाईला आधी कुणाकडे काही मागायची लाज वाटायची. पोर रात्रभर रडली तरी ती एकटी अंगणात फेऱ्या मारायची आणि सकाळी डोळे सुजवून भाकरी थापायची. तेव्हा हिलालनेच तिला झापलं होतं.

"पाय धरा, पन हाक नही मारी, तं मांगलासले समजी कसं? हाक मारानी!"

ती हाक मारायला शिकली. भिकूचा ताप डोक्यात गेला तेव्हा तिने भर दुपारी दारात उभं राहून गावाला हाक मारली, आणि निंबा पोरीला खांद्यावर घेऊन धुळ्याच्या दवाखान्यापर्यंत पळत गेला. पोर वाचली. दुसऱ्याचं लेकरू वाढवायचं म्हणजे एकटीने छाती फोडून घ्यायची नसते, हे तिला हुतुतूने शिकवलं. हे शिकवणारा नवरा आपल्याला मिळाला याचा तिला फार अभिमान होता.

भिकू जरा मोठी झाली तेव्हा गावातल्या कुणीतरी तिच्या कानात घातलं, की सुंदरबाई तुझी खरी माय नाही. पोर घरी येऊन खांबाला टेकून उभी राहिली.

"मनी माय कोठे शे?"

सुंदरबाईने पीठ मळता मळता हात थांबवला. खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं, पण ती बोलली नाही. "तुनी माय बाद झायी. तिना जागावर मी उनू."

"मंग ती जित्ती झायी, का तू बाहेर बसशी?"

"बसेन," सुंदरबाई म्हणाली. "पन तुले इचारीसन. तुले सांगाशिवाय मी कोठेच जावाव नही, आनि तुलेबी कोठे धाडाव नही."

भिकूने ते ऐकून घेतलं, आणि चुलीतल्या राखेत भाजत घातलेला कांदा काढून खायला बसली. त्या दिवसापासून दोघींमध्ये तो करार झाला. जे असेल ते तोंडावर सांगायचं.

दरवर्षी चैत्रात धुळ्याला एकवीरेच्या यात्रेत पांझरेच्या वाळवंटात हुतुतूचे डाव व्हायचे. जिंकणाऱ्या फळीच्या म्होरक्याला फेटा बांधायचे. बोरखेड्याची फळी दरवर्षी शेवटच्या डावापर्यंत जायची आणि धुळ्याच्या तालमीवाल्यांकडून मार खाऊन यायची. उखर्डू गेल्यापासून चढाईला माणूसच नव्हता. त्यात हिलालचा गुडघा धरायला लागला होता. चढ आला की तो मुद्दाम थांबून आभाळाकडे बघायचा. हे आपलं शेवटचं वर्ष, हे त्याला कळून चुकलं होतं, आणि डोक्यावर तो फेटा एकदा तरी बसावा म्हणून त्याचा जीव तळमळत होता.

होळीनंतर एक दिवस जीवराम दारात हजर. तोच, तेराव्याचं जेवून गेलेला. आता साक्री-पिंपळनेर भागात चढाईत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. एका दमात तिघांना बाद करून यायचा म्हणे. सुंदरबाईने त्याला पाणी दिलं. त्याने पाणी पिता पिता भिकूला खालून वर पाहिलं, बाजारात गोऱ्हा पाहावा तसं. सुंदरबाईला ते खटकलं.

"हाऊ काबर उना?" तिने हिलालला आत बोलावून विचारलं.

"आपली फळीकडथून खेळी ऱ्हायना एकवीराना यात्रामा! देखशी तू यंदा!" हिलालचा चेहरा असा फुलला होता की तिला पुढे काही विचारवेना. नवऱ्याला बरेच दिवसांत असं हसताना पाहिलं नव्हतं. तिने त्या जीवरामाला तूप घालून खिचडी वाढली. वाढली हो, स्वतःच्या हाताने!

यात्रेच्या दिवशी पहाटेच जीवराम बायकोला घेऊन गाडीने आला. बायकोचं नाव मंजुळाबाई, बोलायला गोड. ती म्हणाली, "पोरले यात्रा दाखाडसू, बांगड्या भरसू. आमनीच पोर शे ना, अक्का?" सुंदरबाईलाही जायचं होतं, पण नेमकी म्हैस व्यायला आलेली. तिने भिकूला तेल लावून घट्ट वेणी घातली, नवं परकर-पोलकं नेसवलं. तेवढ्यात हिलाल भिकूचा दुसरा परकर एका गाठोड्यात बांधताना दिसला. या माणसाने जन्मात स्वतःच्या धोतराची कधी घडी घातली नव्हती.

"ते कसाले?"

"धूळ लागी. बदलाले ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. तिच्याकडे न बघता म्हणाला.

भिकू अंगणात घुटमळत होती. "माय, तू चाल ना."

"म्हैस सोडीसन कशी येऊ? काकू शे ना संगे. जाय, हिरव्या बांगड्या भर. आनि आखाजीना सनले झोका बांधानासाठे दोर पसंत करी ये." असं म्हणून सुंदरबाईने स्वतः भिकूचा हात धरला आणि मंजुळाबाईच्या हातात दिला. गाडी वळणावर जाईपर्यंत ती हात हलवत होती. भिकूने मागे वळून वळून पाहिलं.

म्हशीला पारडू झालं. सुंदरबाई हात धुते न धुते तोच हमीदा आली. हमीदाचे डोळे लाल होते. ती उंबऱ्यातच बसली.

"बहन, तुले खरंच माहीत नही?" ती म्हणाली.

"काय माहीत नही?"

"भिकू परत नही येनार."

आणि मग हमीदाने सगळं सांगितलं. जीवराम फुकट खेळायला आला नव्हता. त्याने आपली अट घातली होती: मी बोरखेड्याकडून खेळतो, पण माझ्या भावाची पोर मला द्या. मंजुळाबाईचा भाऊ बिजवर होता, पदरात तीन लेकरं. घरात राबायला आणि पुढे पदरात घ्यायला त्याला पोर हवी होती. हिलालने फळीला मैदानावर बोलावलं. त्याच मधल्या रेघेवर. आणि एकाच्या हातावर दुसऱ्याने हात ठेवून सगळ्यांनी ठरवलं, की द्यायची. सुंदरबाईला सांगायचं नाही. ती सोडणार नाही.

सुंदरबाईला आधी राग आलाच नाही. आधी आठवला तो स्वतःचा हात. भिकूचा हात धरून त्या बाईच्या हातात देणारा. नवऱ्याने तिचा केसाने गळा कापला होता, आणि केस धरायला तिचाच हात वापरला होता.

"तुले कव्हय समजनं?" तिने विचारलं.

हमीदा खाली बघायला लागली. "काल. साबेराना बाप जेवना नही, मी खोदी खोदी इचारं, तं बोलना. स्वतःनी आन घाली त्यानी, सुंदरले सांगशी तं मनं मरेल तोंड देखशी..."

"काल! आनि सांगाले तू आते उनी. गाडी गयावर."

"बहन..."

"तू पाजं ना तिले, हमीदा? तुना दूधनी शे ना ती?" सुंदरबाईचा आवाज चिरकला. मग तिने डोक्यावरून पदर घेतला. "ऊठ. म्हैसना खाले बस. चीक काढ, पारडूले पाज. तुले आते इतलंच करनं शे."

धुळ्याला जाणाऱ्या कुणाच्या तरी गाडीत ती चढली. गाडीत यात्रेची माणसं नारळ, खण, गुलाल घेऊन बसली होती, गाणी म्हणत होती. ती मागच्या कडेला पाय सोडून बसली. नवऱ्याने सांगितलेले डाव एकेक करून तिला आठवत होते. एवढी वर्षं ज्याला आपण साखळी म्हणत होतो ती या लोकांसाठी नुसती संध्याकाळची करमणूक होती का? आणि आपण वेड्यासारखं त्यावर लेकरू वाढवलं!

पांझरेच्या वाळवंटात ही गर्दी. बायका एकीकडे देवीच्या वाटेवर, बांगड्यांच्या, रेवड्यांच्या पालांपाशी. बाप्ये एकीकडे, मैदानाभोवती कडं करून. सुंदरबाईने आधी बांगड्यांची पालं पालथी घातली. भिकू दिसली नाही. तेवढ्यात मैदानाकडून आरोळी उठली, "बोरखेडं! बोरखेडं!" आणि ती तशीच वळली. बाप्यांची गर्दी तिने दोन्ही कोपरांनी फाडली. "ए बाई, कुठं चाललीस?" कुणी म्हणालं. ती थांबली नाही.

शेवटचा डाव चालला होता. जीवराम मधल्या रेघेपाशी आला, मातीला हात लावून कपाळाला लावला, छाती भरून दम घेतला आणि 'हुतुतू हुतुतू' सुरू केलं. त्याचा पुढचा पाय रेघेपलीकडे पडतो न पडतो तोच सुंदरबाई त्याच्या मागून वाळूत खाली गेली आणि दोन्ही हातांनी तिने त्याचा मागचा घोटा धरला. हिलाल धरायचा तसाच.

एवढा मोठा गडी, पण अडखळून गुडघ्यावर आला. गंमत म्हणजे सवयीने त्याचं 'हुतुतू' चालूच होतं. लोक खदखदून हसले. मग बाईमाणूस मैदानात आहे हे ध्यानात आलं आणि हसू विरलं.

सुंदरबाईने हाक मारली. भिकूच्या तापात मारली होती तशीच.

"पाय मी धरा शे! बोरखेडाना गडी कोठे शेतस? पडा ना आते! बठ्ठा पडा!"

कुणी हललं नाही. निंबा, ज्याच्या खांद्यावर भिकू धुळ्यापर्यंत गेली होती, तो वाळू उकरत उभा. सुपडूने तोंड फिरवलं. हबीबने एक पाऊल टाकलं, हिलालकडे पाहिलं, आणि पाऊल मागे घेतलं. सुंदरबाईने सगळ्यांकडे बघून झाल्यावर शेवटी नवऱ्याकडे पाहिलं. अजूनही तिला वाटत होतं, हा येईल.

"सोड," हिलाल दबक्या आवाजात म्हणाला. "लोके देखी ऱ्हायनात."

जीवरामचा दम सुटला. त्याने पाय हिसडला, शिवी हासडली. सुंदरबाईच्या तोंडात वाळू गेली, पण हात सुटले नाहीत. धुळ्याचा म्हातारा पंच, पांढऱ्या मिशांचा, काठी टेकत पुढे आला. "बाई, हा काय प्रकार आहे? कोण तुम्ही?"

मग ती बोलली. उठून, वाळू थुंकून, अख्ख्या यात्रेसमोर बोलली. मानमोडीचा ताप, मधली रेघ, हातावर हात, आणि हिरव्या बांगड्यांचं आमिष दाखवून नेलेली पोर. हिलालकडे बोट करून म्हणाली, "मी समजू, भिकू तुमना गडी शे. तुम्ही तिले बक्षीस करी टाकं!"

धुळ्याच्या तालमीवाल्यांमधून कुणीतरी ओरडलं, "पोर देऊन गडी आणला रे! बोरखेड्याने पोर देऊन गडी आणला!" आणि सगळं वाळवंट ओरडायला लागलं. शिट्ट्या, टोप्या, हुर्यो. हिलालने मान खाली घातली ती वर केली नाही. पंचाने काठी आपटली. "आधी पोरीला आणा. तिला विचारल्याशिवाय डाव पुढे जाणार नाही."

मंजुळाबाई भिकूला घेऊन आली. पोरीच्या हातात बांगड्या नव्हत्या. गाठोडं मात्र काखेत होतं. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"बाळ, तुला कुणाकडे जायचंय?" पंचाने विचारलं.

सुंदरबाईने दोन्ही हात पुढे केले. भिकू आली नाही. ती जागच्या जागी उभी राहिली आणि सुंदरबाईकडे अशा नजरेने बघत राहिली, की सुंदरबाईचे हात हवेतच राहिले.

"तूच मना हात तिना हातमा दिधा," भिकू म्हणाली. "काकूनी माले बठ्ठं सांगं. तू सांगं नही. तू बोलनी व्हती, तुले इचाराशिवाय धाडाव नही."

"माले माहीत नव्हतं, माय! एकवीरानी आन..."

"हात तूच दिधा," भिकू पुन्हा म्हणाली, आणि पंचाला काही उत्तर न देता गाठोड्यावर बसली.

हिलालने घाव घातला होता, तो सुंदरबाईने सोसला होता. हा घाव तिला सोसवेना.

पोरीचा फैसला शेवटी कुणाच्या मायेने झाला असं समजू नका. तो बिजवर, मंजुळाबाईचा भाऊ, तिथेच गर्दीत होता. चारचौघांत आपलं नाव निघायच्या आत त्याने बहिणीला बाजूला घेतलं आणि सांगितलं, असली बोभाटा झालेली पोर माझ्या घरात नको. मग मंजुळाबाईचं गोड बोलणं संपलं. जीवरामने अंगावरची वाळू झटकली आणि म्हणाला, "ठेवा तुमनी पोर. मी चालनू." बोरखेड्याची फळी चढाईच्या गड्याशिवाय उरली. डाव पुढे गेलाच नाही. तालमीवाल्यांच्या म्होरक्याला फेटा बांधला गेला, आणि भिकू कुणालाच नको म्हणून सुंदरबाईकडे परत आली.

परतीच्या गाडीत दोघी होत्या. सुंदरबाई एका टोकाला, भिकू दुसऱ्या टोकाला. सुंदरबाईने रेवड्या पुढे केल्या, भिकूने घेतल्या नाहीत. वाटेत सुंदरबाईच्या मनात आलं, एवढी वर्षं आपण मागे कोण कोण उभं आहे तेवढंच मोजत राहिलो. या पोरीला मात्र मागे बघायला आपण एकटीच होतो. तिच्यासाठी अख्खी फळी म्हणजे आपणच. नवऱ्याचा राग करायला तिला उभा जन्म पडला होता. पण पोरीला काय सांगायचं, हे तिला कळेना.

घरी आल्यावर भिकू आत गेली आणि खांबाला टेकून बसली. हमीदा पारडू पाजून, चिकाची चरवी चुलीपाशी झाकून, कुणाला तोंड न दाखवता निघून गेली होती.

दिवे लागायच्या सुमाराला हिलाल आला. एकटाच, लंगडत. फळीतलं कुणी त्याच्याबरोबर नव्हतं. धूळ भरलेल्या अंगाने तो ओट्याशी उभा राहिला.

"पोर तं आनी ना तू," तो म्हणाला. "झायं गयं. आज ना उद्या ती लोकनाच घर जानारी व्हती. जाता जाता गावनं नाव व्हई जाई, इतलंच मना मनमा..."

"माले इचाराना व्हतं."

"तू सोडी नसती."

"म्हनीसनच इचाराना व्हतं!" सुंदरबाई कडाडली. मग ती पुढे आली आणि ओट्याकडे बोट केलं. "तुम्ही बाहेर बसा. बाद झायेल गडी बाहेर बसस, तुम्हीच शिकाडं माले. आत लेवानं का नही, ते आते ती ठरवी."

हिलालला वाटलं, रागाच्या भरात बोलते आहे, पाणी तापवायला आत जाईल. पण सुंदरबाई आत गेली नाही. ती स्वतः उंबऱ्याबाहेर, दाराच्या दुसऱ्या बाजूला, खाली बसली.

"तू काबर बसनी?" त्याने विचारलं.

"हात मीच दिधा ना तिना."

दोघं तशीच बसली. समोरून निंबा गेला, त्याने पाहून न पाहिल्यासारखं केलं. गोठ्यात पारडू हंबरलं. मग आत दिवा लागला, आणि भिकू दारात आली. तिने आधी सुंदरबाईकडे पाहिलं.

"माय, तुले खरंच माहीत नव्हतं?"

"नव्हतं." सुंदरबाईचे डोळे वाहायला लागले, ते तिने पुसले नाहीत. "पन मी गाठोडं देखं, आनि पुढे इचारं नही. तुना हात मीच दिधा. ते बी खरं शे."

भिकू वाकली, सुंदरबाईचं मनगट दोन्ही हातांनी धरलं, आणि जोर लावून तिला उंबऱ्याच्या आत ओढलं.

हिलाल ओट्यावरून अर्धा उठला. "भिकू... पोरी, आनि मी?"

भिकूने त्याच्याकडे पाहिलं. ती रागावलेली नव्हती. शिकवलेला नियम सांगावा तसं तिने सांगितलं.

"नाना, तुमना गडी येतीन ना. त्याच उठाडतीन तुमले."

आणि तिने दार लोटून आतून कडी घातली.